मासवडीच्या ताटाला परवडणारी वाइन

वाइन हे मुळात जेवणासोबत घ्यायचे पेय आहे. फ्रान्स-इटलीच्या खेड्यांत रोजच्या जेवणाची वाइन गावातल्या सहकारी संस्थेतून मोठ्या बुधल्यात भरून आणण्याची रीत जुनी आहे. तिला ऐटदार लेबल नसते आणि तिचा वास घेऊन कोणी भाषणही करत नाही. महाराष्ट्रात मात्र वाइन उलट्या दाराने आली. आधी ती पंचतारांकित हॉटेलांत शिरली, मग दिवाळीच्या भेटखोक्यांत, आणि घरच्या ताटापर्यंत अजून नीटशी पोचलेलीच नाही. ‘वाईन शॉप’ ही पाटी जागोजागी दिसते, पण आत खप व्हिस्की, रम आणि बियरचा. वाइनच्या बाटल्या वरच्या फळीवर धूळ खात उभ्या असतात.

हा उलटा प्रवास जुन्नर तालुक्यात सगळ्यात ठळक दिसतो. तिथे कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधे पिंपरी पेंढारसारखी गावे आहेत. हा सगळा पट्टा कांद्याचा, टोमॅटोचा, उसाचा आणि द्राक्षांचा. याच तालुक्यातल्या नारायणगावात शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात वाइनचा कारखाना उभा केला. पायपर-हाइडसिक या फ्रेंच घराण्याशी संबंधित तंत्रज्ञांची मदत घेतली आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे आणण्याची शॅम्पेनची पद्धत इथे आणली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती वाइन परदेशात गेली, वाखाणलीही गेली. पुढे इंडेज या नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीने ‘रिव्हिएरा’, ‘शाँतिली’ अशा साध्या वाइनही काढल्या. २०००नंतरच्या दशकात तिने परदेशातले व्यवसाय विकत घेतले, त्यातच जागतिक मंदी आली, कर्ज डोईजड झाले आणि २०१०च्या सुमारास गाडे थांबले. नारायणगावची बाटली युरोपात पोचली. शेजारच्या गावांतल्या भाकरीच्या ताटाशेजारी मात्र ती कधी आली नाही.

तोवर वाइनचा मुक्काम नाशिकला हलला होता. राजीव सामंत यांनी १९९९मध्ये सुला सुरू केली आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली वाइन बाजारात आली. राज्याने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले आणि राज्यात बनणाऱ्या वाइनला करात मोठी सूट दिली. मग सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांच्या भावांनी मिळून फ्रातेल्ली उभी केली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे. आज महाराष्ट्रातल्या ग्राहकाला देशी वाइन तुलनेने स्वस्त मिळते ती या धोरणामुळे.

जुन्नरच्या बागांत पिकते ते द्राक्ष बहुतेक खाण्याचे. थॉमसन, शरद, काळी जंबो या जातींचा मणी मोठा, बिनबियांचा, पातळ सालीचा आणि कुरकुरीत असावा लागतो. वाइनचे द्राक्ष दिसायला अगदीच गरीब. मणी हरभऱ्याएवढा किंवा थोडा मोठा, साल जाड, आत बिया. पण साखर जास्त, आंबटपणा टिकलेला, आणि चव-रंग सगळा त्या जाड सालीत. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षे लागतात. खाण्याच्या द्राक्षाचीही वाइन होते, पण ती पाणचट उतरते आणि मग गोडवा घालून विकावी लागते. स्वस्त वाइनबद्दलची बरीचशी नाराजी या गोड, पाणचट वाइनने ओढवून घेतली आहे.

चांगली वाइन स्वस्तात कशी मिळते, हे ती बनते कशी यावरून कळते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस काढतात, साली बाजूला टाकतात आणि रस स्टीलच्या टाकीत थंड ठेवून दोन-तीन आठवडे आंबवतात. जानेवारी ते मार्च या काळात तोडलेल्या द्राक्षांची अशी वाइन त्याच वर्षी विकायला निघते. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. हा तुरटपणा मवाळ व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि महागड्या लाल वाइनला ओकच्या पिंपातला मुक्कामही. फ्रेंच ओकचे पिंप आयात करावे लागते आणि काही वर्षांत ते निकामी होते. म्हणजे कमी पैशांत पांढरी आणि गुलाबी वाइन चांगली बनू शकते. लालचे तसे नाही. घाईत बाटलीत भरलेली स्वस्त लाल वाइन बहुधा कच्ची, घशाला बोचणारी निघते. कमी किमतीच्या फळीवर हात घालायचा तर आधी पांढऱ्याकडे जावा.

परदेशी बाटलीचा मोह इथे कामाचा नाही. आयात बाटलीबंद वाइनवर मूळ सीमाशुल्कच अनेक वर्षे १५० टक्के होते. २०२२च्या डिसेंबरात अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात ते काही वाइनसाठी उतरले, पण ५ डॉलरपेक्षा स्वस्त बाटलीला त्या सवलतीतून वगळले. म्हणून दुकानात हजार-बाराशेला दिसणारी परदेशी वाइन तिच्या गावी अगदी सामान्य असते. बिलातला मोठा भाग वाइनचा नसून कराचा आणि वाहतुकीचा असतो. त्याच पैशांत, किंबहुना त्याहून कमी पैशांत, नाशिकची किंवा अकलूजची वाइन अधिक पदरात टाकते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात. सातशे रुपयांची बाटली म्हणजे पेला १४० रुपयांना पडला, आणि दोघांना ती दोन-तीन जेवणे पुरते.

आता ताट. युरोपातले नियम, म्हणजे मांसाला लाल आणि माशाला पांढरी, मराठी स्वयंपाकाला फारसे लागू पडत नाहीत. तिथे मांस किंवा मासा हाच चवीचा केंद्रबिंदू असतो. इथे तो मान मसाल्याचा. रस्सा मटणाचा आहे की अंड्याचा, यापेक्षा त्यात तिखट किती, आंबट काय पडले आणि वर तेलाचा तवंग किती आला, हे वाइन निवडताना जास्त पाहावे लागते. मद्यार्क तिखटाची आग वाढवतो, म्हणून १४ टक्क्यांच्या वाइनपेक्षा ११-१२ टक्क्यांची बरी. तुरटपणा आणि तिखट एकत्र आले की जिभेला चरका बसतो. किंचित गोडवा आणि गारवा मात्र तिखटाला शांत करतात. आंबटाचा हिशेब वेगळा आहे. ताटातल्या आंबटापेक्षा वाइन कमी आंबट असली तर ती बेचव, पाण्यासारखी लागते. तेलकट-तुपकटाला तर आंबट वाइन हवीच, कारण लिंबाची फोड जे काम करते तेच ती करते.

या कसोटीवर मासवडीचे ताट घेऊन पाहता येते, कारण जुन्नर-आंबेगावच्या स्वयंपाकाची ती खूण आहे. बेसन फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवतात, ओल्या फडक्यावर गरम गरम थापतात, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण, कोथिंबीर, कांदा यांचे सारण पसरतात आणि फडक्यानेच वळकटी करतात. माशासारखा आकार येतो म्हणून नाव मासवडी. मासा त्यात औषधालाही नसतो. वड्या कापून ताटात, शेजारी काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा आणि बाजरीची भाकरी. बेसन तोंडात चिकटते, तीळ-खोबऱ्याला तेल सुटलेले असते आणि रस्सा झणझणीत. इथे कॅबर्ने सोव्हिन्यॉसारखी तुरट लाल वाइन म्हणजे आगीत तेल. नाशिकची शेनिन ब्लाँ मात्र छान बसते. फळांचा वास, अंगची आंबटाई, बऱ्याच बाटल्यांत राखलेला हलका गोडवा, आणि किंमत पांढऱ्या वाइनमध्ये खालच्या अंगाची. आंबटाई बेसनाचा चिकटपणा धुऊन काढते, गोडवा रस्सा आवरतो. पिठले-भाकरीलाही हीच चालते.

टोमॅटोच्या पट्ट्यात टोमॅटोचे सार, टोमॅटो घातलेली आमटी ही रोजची. तिला सोव्हिन्यॉ ब्लाँ ही अधिक आंबट, हिरव्या वासाची वाइन जुळते. तीच तळलेल्या बोंबलाला आणि लिंबू पिळलेल्या वरण-भातालाही. दाण्याच्या कुटाची, गूळ घातलेली भरली वांगी असतील तर गुलाबी, म्हणजे रोझे वाइन घ्यावी. झिनफंडेल द्राक्षाची रोझे देशी फळीवर परवडणाऱ्या किमतीत असते. कांदाभजी आणि बटाटेवड्याला बुडबुड्यांची वाइन फार चांगली, पण बाटलीत आंबवलेली खरी स्पार्कलिंग वाइन श्रमाची आणि म्हणून महागच. कॅनमधल्या फेसाळ वाइनवर तेवढी हौस भागते. साबुदाण्याच्या खिचडीचा प्रश्न उपासामुळे उद्भवत नाही.

लाल वाइन अगदीच बाद नाही. सुके मटण, कोंबडीचे सुके, भाजलेले वांगे अशा कमी रश्श्याच्या, भाजल्या वासाच्या पदार्थांना शिराज चालते. तिच्यात मिरीसारखा वास असतो आणि तो काळ्या मसाल्याशी भांडत नाही. अकलूजची सान्जोवेझे ही मूळ इटलीची जात. टोमॅटोच्या रश्श्याशी तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सख्य आहे आणि ते इथेही टिकते. अट एकच. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे. एप्रिलमधली जुन्नरची खोली ३५ अंशांवर असते. तिथे लाल बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली नाही तर नुसता मद्यार्क नाकात जातो. पांढरी वाइन दोन-तीन तास आधी ठेवावी. पेला साधा काचेचा पुरे.

पोर्ट नावाच्या गोड, स्वस्त बाटलीबद्दल थोडे सांगावे लागते, कारण अनेकांची वाइनशी पहिली ओळख तीच. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये द्राक्षाचाच स्पिरिट घालून आंबण्याची क्रिया मध्येच थांबवतात. गोव्यातून आणि इतर ठिकाणांहून येणारी स्वस्त पोर्ट म्हणजे बहुतेक वेळा साखरेचा पाक वाटावा इतकी गोड लाल वाइन. जेवणानंतर घोटभर ठीक, जेवणासोबत नाही. भाकरी तिच्यापुढे कडू लागते.

खरेदीत दोन-तीन गोष्टी पाहिल्या की बरेचसे पैसे वाचतात. लेबलवर हंगामाचे वर्ष असते. स्वस्त पांढरी आणि गुलाबी वाइन मुरत नाही, शिळी होते, म्हणून गेल्या एक-दोन वर्षांतलीच घ्यावी. पाच वर्षे जुनी बाटली ‘मुरलेली’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटलीही नको, कारण उष्णतेने वाइन शिजते आणि तिला उकडलेल्या फळाचा वास येतो. फिरकीचे झाकण हे हलकेपणाचे लक्षण नव्हे. ताज्या वाइनला ते बुचापेक्षा सोयीचे, कारण उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्यानंतरचा तळ मटण मुरवायला वापरावा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा नाव बदलून महाराष्ट्रात आजही लागू आहे. मद्य घेण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. बागेतल्या द्राक्षांची वाइन परवान्याशिवाय घरी बनवता येत नाही. जानेवारी २०२२मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर राज्यभर वादळ उठले आणि तो बासनात गेला. आरोग्याच्या दृष्टीने वाइनही मद्यच आहे. १२ टक्क्यांच्या एका पेल्यात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो, आणि मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केले. जे घेत नाहीत त्यांनी जेवणाच्या जोडीसाठी म्हणून सुरू करण्याचे कारण नाही.

जे घेतातच, त्यांनी पहिली बाटली गेल्या हंगामातली शेनिन ब्लाँ घ्यावी, दुपारीच फ्रिजमध्ये टाकावी आणि घरात मासवडी असेल त्या रात्री उघडावी. ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा असेल त्या दिवशी मात्र बाटली तशीच राहू द्यावी. ठेच्याला ताकच लागते.