प्रसूतीनंतरची तपासणी

मूल रडले, वार पडली, की घरची मंडळी निश्चिंत होतात. प्रशिक्षित सुईणीचे एक काम मात्र तेव्हाच सुरू होते. योनी व गुदद्वार यांमधील भागाला चीर पडली आहे काय, आणि ती किती खोल आहे, हे तिला ठरवावयाचे असते. बाळंतिणीस समजावून, तिची संमती घेऊन, भरपूर प्रकाशात ती रक्त टिपून पाहते. केवळ त्वचा वा योनीचे अस्तर फाटले असल्यास चीर पहिल्या श्रेणीची. खालचे स्नायूही फाटले असल्यास दुसरीची. गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूस इजा झाली, तर तिसरी. गुदमार्गाचे अस्तरही फाटले, तर चौथी. परंतु नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. वरची कातडी अखंड असूनही आतला स्नायू तुटलेला असू शकतो. म्हणून हातमोजा घालून, एक बोट गुदद्वारात व अंगठा बाहेर ठेवून, तो स्नायू चाचपावा लागतो. पहिल्या दोन श्रेणींची चीर शिवणे सुईणीच्या आवाक्यातले. पुढच्या दोहोंसाठी शस्त्रक्रियागृह व अनुभवी डॉक्टर हवेत. ही तपासणी राहून गेली, तर मलावर ताबा न राहण्याचे दुःख एखादी स्त्री वर्षानुवर्षे लाजेने लपवीत राहते. वेळीच फिरलेले एक बोट तिला त्यातून वाचवू शकते.