उदाहरण चालवून बघितलंय का?

‘कोड झालाय रे, डॉक्युमेंटेशन सबमिशनच्या आदल्या रात्री बघू!’ इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये हे ठरलेलंच. वरातीमागून घोडं. पण तुमचं पॅकेज उद्या कुणी अनोळखी माणूस वापरणार असेल, तर तो आधी कोड वाचत नाही, माहितीचं पान वाचतो. या पानासाठी रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने केलेली सोय बघण्यासारखी आहे.

रस्टमध्ये फंक्शनच्या डोक्यावर तीन तिरक्या रेघा देऊन साध्या शब्दांत माहिती लिहायची. रस्टडॉक नावाचं टूल त्यातून वेबपेज तयार करतं. पॅकेजला इथे ‘क्रेट’ म्हणतात. ते क्रेट्स डॉट आयओवर टाकलं की डॉक्स डॉट आरएस ही साइट त्याची पानं आपोआप बनवते. तुम्ही माहितीचा एक शब्द लिहिला नसेल तरीही! गोची तिथेच आहे.

समजा, मार्कांची सरासरी काढणारं फंक्शन आहे. आपोआप बनलेलं पान एवढंच सांगणार, की हे पूर्णांकांची यादी घेतं आणि एक पूर्णांक देतं. बरोबर आहे, पण उपयोग काय? ७५, ७६ आणि ७६ची सरासरी ७५.६७ येते. पूर्णांकांच्या भागाकारात दशांश चिन्हापुढचं सगळं उडतं, म्हणून उत्तर ७५. कटऑफ ७६ असेल तर? आणि यादी रिकामीच असली, तर शून्याने भागायची वेळ येते आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो. हे टूल सांगणार नाही, लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं. रस्टमध्ये त्यासाठी ‘पॅनिक्स’ असं वेगळं शीर्षक द्यायची पद्धत आहे.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच. माहितीत दिलेलं उदाहरण नुसतं शोभेचं नसतं. ‘कार्गो टेस्ट’ ही कमांड दिली की ते खरोखर चालवलं जातं. उत्तर ७५च यायला हवं, असं उदाहरणात लिहून ठेवलंय आणि उद्या कुणी फंक्शन बदलून ते ७६ केलं, तर टेस्ट फेल! म्हणजे कोड बदलला आणि पान तसंच राहिलं, हे लगेच कळतं. (कंसाशिवायचं ‘प्रिंट’ पायथॉन ३मध्ये चालत नाही, तरी जुन्या नोट्समध्ये ते अजून दिसतं. नोट्सना टेस्ट नसते ना!) पायथॉनकडेही २००१पासून डॉकटेस्ट आहे, पण तिथे ती मुद्दाम चालवावी लागते.

उदाहरणाच्या आजूबाजूची वाक्यं मात्र कुणीच तपासत नाही. तिथे चुकीचं लिहिलंत तरी टेस्ट पास. म्हणून शक्य तेवढं उदाहरणातूनच सांगावं. रिकाम्या यादीचंसुद्धा! त्या उदाहरणावर ‘शुड पॅनिक’ असं लिहायचं. मग प्रोग्रॅम कोसळला तर टेस्ट पास, आणि नीट चालला तर नापास.