मूल रोज घोरतंय, तोंड उघडं ठेवून झोपतंय? नाकामागची गाठ वाढलेली असू शकते

"पोरगं घोरतंय म्हणजे दमून गाढ झोपलंय," असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. पण मूल रोजच घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. नाकाच्या मागे, टाळूच्या वर असणारी ॲडेनॉइड नावाची गाठ वाढलेली असू शकते.

घाबरू नका, ही कॅन्सरची गाठ नाही. ती प्रत्येक मुलाला असते आणि जंतूंशी लढायला मदत करते. साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात ती मोठी असते, पुढे आपोआप बारीक होत जाते. म्हणून प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही.

कानाशी काय संबंध?
नाकामागून कानात एक बारीक नळी जाते. गाठीमुळे ती नीट उघडली नाही, की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. बऱ्याचदा कान दुखतही नाही, फक्त ऐकू कमी येतं. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाकेला ओ देत नाही, वर्गात मागे पडतं. आणि आपण त्यालाच रागावतो.

ऑपरेशन कधी?
कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने किंवा एक्स-रे काढून तपासतात. बऱ्याचदा आधी काही आठवडे नाकात मारायचा स्प्रे देतात. तरी फरक पडला नाही, झोपेत श्वास थांबत असेल किंवा कानातलं पाणी महिनोन् महिने हटत नसेल, तर ऑपरेशन सुचवतात. पूर्ण भूल देऊन तोंडातून गाठ काढतात. बाहेरून चीर नाही, टाके नाहीत. बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. "गाठ काढली की प्रतिकारशक्ती जाते" असं नाही. शरीरातल्या इतर गाठी ते काम करतात.

हे लक्षात ठेवा
• ऑपरेशनआधी सांगितलेले तास मूल उपाशीच हवं. "घोटभर दूध चालतं" म्हणून पाजू नका.
• नंतर मऊ भात, भरपूर पाणी द्या. आठवडाभर धूळ, धूर आणि गर्दी टाळा.
• नाकातोंडातून ताजं लाल रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला हा त्रास जरूर सांगा. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि आज रात्री एक करा: मूल झोपल्यावर त्याच्या श्वासाचा मोबाईलवर मिनिटभर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तो नक्की उपयोगी पडेल.