'व'चे पोट

दिवाळीच्या सुटीत शिनोलीस बहिणीकडे गेलो होतो. आकाशकंदील घरीच करायचा ठरला. कामट्या, पतंगी कागद, खळ, सगळे जमले. पण धाकट्या भाचीला त्यावर आपले नाव हवे होते. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर अक्षरे काढून मी ऐटीत छापा कापू लागलो. (शेजारच्या जुन्नरचा 'जुन्नरी' कागद मराठेशाहीच्या दप्तरांत वापरला जाई, हेही सांगून झाले. कोणी ऐकले नाही.)

छापा उचलला तो 'व'च्या आतला तुकडाच खाली!

"मामा, ह्याचं पोट पडलं!" पोरगी रडकुंडीला आली. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण 'व'चे पोट असे अधांतरी असते हे कधी ध्यानात आले नव्हते.

थोरल्याने पडवीतले पोते दाखवले. त्यावरची छापील अक्षरे जागोजाग तुटक होती. आतला तुकडा धरायला बारीक पट्ट्या राखायच्या! दुसऱ्या छाप्यावर त्या कुठे हव्यात ते धाकटीनेच पेन्सिलीने दाखवले. पाते मी चालवले. गेरूत बुडवलेला बोळा चांगला पिळून तिने टिपत टिपत रंग दिला. ओला बोळा कडेखाली पाझरतो.

रात्री कंदील लागला. शेजारीण म्हणाली, "हे तुटकं काय गं?"

"पोट धरलंय त्याचं," ती म्हणाली.