न सांगितलेलीं दुखणीं

घरांतील सुनेस 'प्रकृति कशी?' असें विचारावें, तों 'बरी आहे' हेंच उत्तर ठरलेलें! या उत्तराची परीक्षा आमच्या भंडाऱ्याच्या दक्षिणेकडील गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग यांनीं केली. दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया त्यांनीं तपासल्या व निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकपत्रांत प्रसिद्ध केले. तक्रार शेंकडा ५५ जणींचीच होती. स्त्रीरोग मात्र शेंकडा ९२ जणींत निघाले. पूर्वीं अशी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या शेंकडा ८. खेडुतांस हंसूं नये; 'बायकांना हें असायचेंच' असें ऐकून गप्प बसणारे पुरुष आमच्या सुशिक्षित घरांतही आहेत. आणि त्या विकारांपैकीं निम्मे तर संसर्गजन्य, म्हणजे वेळींच औषध मिळाल्यास पुष्कळसे बरे होणारे.