ऊन तेच, मग पाणी कमी का?

मोहोळ तालुक्यातल्या मामांच्या शेतात पाच एचपीचा सौरपंप बसला, तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न असतो. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, धार जोरात पडते. मे महिन्यात ऊन मी म्हणत असताना ती मंदावते. तोवर विहीर खाली गेलेली असते, काचांवर धूळ बसलेली असते, हे खरंच. पण थोडं उत्तर पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या पोटातही आहे.

स्फटिकात अणू खेटून बसले की इलेक्ट्रॉनांच्या सुट्या ऊर्जापातळ्यांचे पट्टे होतात. सिलिकॉनचा खालचा संयुजा पट्टा भरलेला, वरचा वहनपट्टा जवळजवळ रिकामा. मधली फट १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची; हिऱ्यात ती ५.५ भरते, म्हणून हिरा विजेला दाद देत नाही. भरलेल्या पट्ट्यातून वीज वाहत नाही. गड्ड्यावर खच्चून गर्दी झाली की कोणालाच हलता येत नाही. एक जण बाहेर पडला तर त्याची मोकळी जागा मागे मागे सरकते. ती मोकळी जागा म्हणजे ‘होल’, आणि ती धनभारासारखी वागते.

शुद्ध सिलिकॉनमध्ये खोलीच्या तापमानाला सुमारे पाच लाख कोटी अणूंमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. कोटीत एक अणू फॉस्फरसचा मिसळा, मोकळे इलेक्ट्रॉन काही लाख पटींनी वाढतात. भेसळीचं इतकं कौतुक दुसरीकडे कुठे होत नसेल! बोरॉन मिसळला तर होल वाढतात, आणि दोन्ही बाजू जिथे भिडतात तिथे सौरघट जन्मतो.

तापल्यावर धातूचं वहन घटतं. सिलिकॉनसारखाच अर्धवाहक असलेल्या सिल्व्हर सल्फाइडचं मात्र वाढतं, हे फॅरेडेने १८३३ मध्ये टिपलं. कारण कळायला १९३१ उजाडलं, ॲलन विल्सनच्या पट्टा-सिद्धांतापर्यंत. मग तापलेलं पॅनेल जास्त वीज का देत नाही? कारण वीज देणारी उडी इलेक्ट्रॉनाला मारायला लावतो तो प्रकाश; उष्णतेचं काम वेगळं. उष्णतेने सुटणारे वाहक सांध्यातली गळती वाढवतात आणि व्होल्टेज पाडतात, दर अंशाला घटामागे सुमारे दोन मिलिव्होल्ट. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंशांची असते. सोलापूरच्या बेचाळीस अंशांत घट पासष्टपर्यंत तापतो, आणि अंशाला ०.३५ टक्के धरले तरी चौदा टक्के शक्ती जाते. आपल्या उन्हाची जाहिरात करणाऱ्यांनी हा हिशेबही सांगायला हवा.

फट डोळ्यांनी पाहायची असेल तर कॅडमियम सल्फाइड पाहावं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठात असे पातळ थर बनवण्याचं संशोधन झालं आहे. कृती सूत रंगवणाऱ्या सोलापूरला परकी वाटू नये: कॅडमियमचा क्षार, अमोनिया, थायोयुरिया यांचं गरम द्रावण, त्यात बुडवलेली काच. थोड्या वेळात काच पिवळी होते. हा रंग चादरीच्या रंगासारखा वेगळा चढवलेला नव्हे, फट २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, त्यामुळे निळा प्रकाश गिळला जातो आणि उरलेला पिवळा दिसतो. कॅडमियम विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि सांडपाण्याची काळजी हवीच.

मामांना मी एवढंच सांगितलं, पॅनेलखालून वारा खेळू द्या, तिथे कडबा रचू नका. काचा पहाटे धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. त्यांनी कडबा हलवला. विहिरीचं काय, तेवढं विचारायचं राहिलं.