टवका कडेलाच का उडतो?

कप घासताना नळाला लागला, की टवका उडतो तो बहुधा कडेचाच. शेजारचा स्टीलचा पेला मात्र अंगावर पोचे घेऊन वर्षानुवर्षे वापरात राहतो. श्रोतेहो, घरातला हा साधा अनुभव बोईसरजवळ समुद्रकाठी असलेल्या तारापूर अणुवीज केंद्रात मात्र फार मोलाचा ठरतो. कारण तिथल्या अणुभट्टीतले इंधनही कपासारखेच भाजून केलेले, कठीण पण ठिसूळ, म्हणजेच सिरॅमिक असते.

दोन कठीण वस्तू एकमेकींना टेकतात तेव्हा सगळा भार एखाद्या टिंबाएवढ्या जागेवर येतो. त्या जागी किती ताण येतो याचे गणित हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये मांडले. रेडिओलहरींचे अस्तित्व पुढे प्रयोगाने दाखवून देणारे हर्ट्झ ते हेच. धातू अशा ठिकाणी थोडा दबतो आणि भार आजूबाजूला वाटला जातो. सिरॅमिकला दबता येत नाही. ते दाब भरपूर सोसते, पण ओढ सोसत नाही. टेकलेल्या जागेच्या भोवती पृष्ठभाग ओढला गेला, की तिथला बारीकसा ओरखडाही तडा होऊन पसरतो. कडेला तर पाठीशी आधारही कमी, म्हणून टवका तिथे उडतो.

आता तारापूरकडे वळू. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे चौथे आणि तिसरे युनिट २००५ आणि २००६ मध्ये वीज देऊ लागले. या दोन युनिटांचे इंधन म्हणजे युरेनियम डायॉक्साइडच्या गोळ्या. पूड दाबून ती सुमारे १७०० अंश सेल्सिअसला भाजायची, रीत कुंभाराचीच. या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. अशा ३७ नळ्यांची, सुमारे अर्धा मीटर लांबीची एक जुडी होते.

भट्टीत गोळीचा गाभा हजार अंशांच्या वर तापतो, कड त्या मानाने पुष्कळ थंड राहते. आतला भाग फुगतो, बाहेरचा ओढला जातो आणि गोळीला तडे जातात. शिवाय तिची दोन्ही टोके मध्यापेक्षा जास्त फुगतात, आकार डमरूसारखा होतो. मग टोकांच्या कडा नळीला आतून रेटू लागतात. त्यातच अणुविखंडनातून निघालेले आयोडीन तिथल्या धातूला पोखरते. नळी फुटली तर किरणोत्सारी द्रव्ये भट्टीतून फिरणाऱ्या पाण्यात उतरतात आणि पुढे त्या नळकांड्यांची दुरुस्ती करणाऱ्या कामगारांना जास्त किरणोत्सार सोसावा लागतो.

मग भिंतच जाड का करू नये? कारण या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, तिथे एकेक न्यूट्रॉन जपावा लागतो आणि जाड भिंत न्यूट्रॉन खाते. म्हणून उपाय आकारात शोधला. गोळीच्या दोन्ही तोंडांना बशीसारखा उथळ खळगा ठेवला, म्हणजे फुगायला जागा मिळते. धारदार कडा उतरती घासली. आणि नळीला आतून ग्राफाइटचा लेप दिला. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतले शिसे म्हणतो ते. लेपाची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी, पण त्याने गोळी आणि नळी यांच्यातले घर्षण कमी होते, शिवाय आयोडीनचा मारही धातूला कमी बसतो. याच्या जोडीला चालकांनी भट्टीची शक्ती एकदम न वाढवता बेताने वाढवायची असते.

एवढे करूनही एखादी नळी गळलीच, तर पाण्यातल्या किरणोत्साराच्या मोजमापावरून ते कळते आणि ती जुडी भट्टी चालू असतानाच बाहेर काढता येते. या नळीच्या पलीकडे आणखी भिंती आहेतच. पण पहिली भिंत हीच.

गवंडीकाका फरशी बसवली की तिच्यावर टकटक करून आवाज ऐकतात. खाली पोकळी राहिली तर पलंगाच्या पायाखाली ती तडकणार, हे त्यांना ठाऊक असते. ठिसूळ वस्तू टिकते ती नुसत्या कठीणपणावर नव्हे. ती कशाला टेकते, कुठे टेकते आणि दोघांच्या मधे काय आहे, यावर तिचे आयुष्य ठरते.